रद्दीतला वेताळ हजारांत कसा गेला?

(ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ जमतील तेवढे काढलेत, सगळे निघालेले नाहीत. आकडे नुसते ऐकून लक्षात राहत नाहीत अशी तुमची तक्रार असते, म्हणून लिलावाचं उदाहरण इथे जरा सावकाश मांडलं आहे.)

नालवाडीहून बोलतोय, आणि बाहेर बांधकामाचं मिक्सर सुरू आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय एका ताईंनी दिला. त्या आमच्या नालवाडीच्याच. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. वडील गेल्यावर जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं. माळा रिकामा करताना पत्र्याची पेटी निघाली. त्यात मराठी इंद्रजाल कॉमिक्स. सुटे अंक एकशे चाळीसच्या आसपास, आणि वर पुठ्ठा घालून शिवलेले जाड बांधीव गठ्ठे वेगळे. भाऊ म्हणाला, रद्दीवाला उद्या येणारच आहे, लोखंडासोबत हेही जाऊ दे. भाच्यानं मात्र चार फोटो काढून जुन्या पुस्तकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, आणि संध्याकाळपर्यंत पाच फोन. त्यातल्या एकानं सगळ्या पेटीचे एकरकमी पैसे सांगितले आणि म्हणाला, रविवारपर्यंत कळवा.

झालं, घरात दोन पक्ष. भाऊ म्हणतो देऊन टाक, स्लॅबच्या सळईचे पैसे निघतात. ताई म्हणतात, जो माणूस न बघता एवढे देतो त्याला काहीतरी माहीत आहे, जे आपल्याला माहीत नाही. त्यांचा प्रश्न सरळ होता: ‘दादा, ही कागदं खरंच एवढ्या किमतीची आहेत का? आणि असतील तर कायले?’

हा ‘कायले’ फार चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर ‘जुनं ते सोनं’ असं देऊन चालणार नाही. जुनं सगळं सोनं असतं तर १९७२ ची सातवीची गाइडंसुद्धा सोन्याची झाली असती.

आधी वस्तू काय आहे ते बघू. वेताळ आणि मँड्रेक ही दोन्ही पात्रं अमेरिकन लेखक ली फॉकची. मँड्रेक १९३४ चा, वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, फेब्रुवारी १९३६ चा. वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींची पट्टी यायची, तिथून ही मंडळी जगभर गेली. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीनं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं. पहिला अंक वेताळाचाच होता. सुरुवातीची बरीच मोठी रांग फक्त वेताळाची, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर असे एकेक आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंच्या मागे लागणारा, अस्सल देशी. आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक असं करत १९९० मध्ये हे सगळं थांबलं. तोवर ८०० वर अंक झाले होते. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड, मल्याळम अशा भाषांमधून.

एक गंमत सांगतो, पुढे कामाची आहे. वेताळाचा देश मूळ गोष्टीत ‘बंगाला’. तो आपल्या बंगालसारखा वाटू नये म्हणून इंद्रजालनं त्याचं ‘डेंकाली’ केलं. मूळ गोष्टीतले समुद्री चाचे ‘सिंग’ टोळीचे होते, ते इथे ‘सिंगा’ झाले. कुणाच्या भावना दुखावू नयेत हा उद्देश. आपल्याला लहानपणी वाटायचं डेंकाली हाच खरा देश, आफ्रिकेत कुठेतरी असेल. मराठी पोरांना तर ‘वेताळ’ हे नाव आधीच चांदोबातल्या विक्रम-वेताळामुळे ओळखीचं. तो झाडाला लटकणारा आणि हा मुखवटा घालून घोड्यावर बसणारा, हे दोन वेताळ वेगळे आहेत हे कळायला काही पोरांना दुसरी-तिसरी यावी लागली.

बरं, अंक भरपूर छापले. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर, एसटी स्टँडवर, पेपरवाल्याकडे मिळायचे. मग आज दुर्मीळ का?

कारण कुणी ते ठेवायला घेतलेच नव्हते. हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यावरच उभं आहे. जी वस्तू छापतानाच ‘जपून ठेवा’ असं सांगून विकतात, ती सगळेच जपतात, आणि पन्नास वर्षांनी तिला कुणी विचारत नाही. जी वस्तू वाचून, फाडून, वरण सांडून, शेवटी किलोनं विकायची असते, तिच्यातल्या थोड्या वाचतात, आणि त्या थोड्यांना भाव येतो. कॉमिक दुसऱ्या वर्गातली वस्तू होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतला एखादा दादा खाटेवर अंक मांडून ते भाड्यानं द्यायचा. काही पैसे रोज, तिथेच बसून वाचलं तर त्याहून कमी. एक अंक मे महिन्यात पन्नास हातांतून जायचा. जूनमध्ये शाळा उघडली की आई रद्दी काढायची. इंद्रजालचा अंक हलका. किलोत वीसेक सहज बसतात. तराजूला वेताळ काय आणि वर्तमानपत्र काय, सारखंच.

त्यात कागद. आमच्याकडे, वर्ध्याला, या विषयाची एक वेगळीच परंपरा आहे म्हणून थोडं थांबतो. मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चाललं, कुमारप्पांच्या देखरेखीखाली, आणि हातकागद हा त्यातला एक उद्योग. चिंध्यांपासून केलेला हातकागद दिसायला जाडाभरडा, पण टिकतो, कारण त्यात कापसाचा धागा असतो. कॉमिकचा कागद याच्या नेमका उलट. तो न्यूजप्रिंट, लाकडाच्या लगद्याचा. लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल कागदाचे धागेच तोडत जातं. म्हणून पन्नास वर्षांनी पान दुमडलं तर घडीवर तुकडा पडतो. वर आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, पावसाळा ओला, माळ्यावर पत्र्याखाली दोन्हींचा मारा. मग कसर, वाळवी, उंदीर. ज्या पिनेनं अंक टोचलेला, ती गंजून आजूबाजूचा कागद खाते. म्हणजे रद्दीवाल्यापासून वाचलेलं घरातच संपतं.

अमेरिकेतही असंच झालं, फक्त कारण वेगळं. १९३८ च्या जून महिन्याचा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, १० सेंटला मिळायचा. मग महायुद्ध आलं, आणि घरोघरच्या पोरांनी देशसेवा म्हणून जुना कागद गोळा करून दिला. त्यात ही कॉमिक्स लगद्यात गेली. उरली फार थोडी. त्या अंकाच्या एका प्रतीला २०१० मध्ये १० लाख डॉलर आले, दुसऱ्या एका प्रतीला २०१४ मध्ये ३२ लाख, आणखी एकीला २०२४ मध्ये ६० लाख. नोव्हेंबर २०२५ मध्ये १९३९ च्या ‘सुपरमॅन’ पहिल्या अंकाची एक प्रत ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. ती तीन भावांना सापडली होती, वारलेल्या आईच्या घराच्या माळ्यावर. ताई, माळ्यांची कथा सगळीकडे सारखीच बघा. पण तो आकडा ऐकून आपल्या पेटीकडे बघू नका. त्याला कारणं आहेत, सांगतो.

नुसतं दुर्मीळ असून भाव येत नाही. माझ्या आजोबांची हिशेबाची वही जगात एकच आहे. कुणी घेता का? भावाला दुसरी बाजू लागते, हवी असणारे लोक. आणि ते लोक एका ठरावीक वेळी तयार होतात.

जो पोरगा १९७५ मध्ये दहा वर्षांचा होता, तो आज साठीला आलाय. नोकरीतून मोकळा झालेला किंवा होत आलेला, घराचे हप्ते फिटलेले, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेत. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात असा पैसा आहे ज्याचा हिशेब कुणी विचारत नाही. आणि त्याला आठवतं, तो एक अंक, ज्याचं शेवटचं पान फाटलेलं होतं, त्यामुळे गोष्टीचं काय झालं ते कळलंच नाही. तो माणूस किंमत बघून खरेदी करत नाही. त्याला गुंतवणूक बिंतवणूक काही नको असते. पन्नास वर्षं लांबलेली एक सुट्टी त्याला पूर्ण करायची असते. असे शेकड्यांनी लोक एकाच दशकात त्याच वयाला आले, की बाजार तापतो. या पिढीनं इंद्रजाल वाचलं म्हणून इंद्रजाल. आता जे पंचेचाळिशीत आहेत, त्यांचं बालपण नागराज आणि सुपर कमांडो ध्रुवचं, त्यामुळे राज कॉमिक्सच्या जुन्या अंकांना हिंदी पट्ट्यात तशीच मागणी आहे.

याची उलटी बाजू कुणी बोलत नाही, मी बोलतो. ही पिढी घेणं थांबवेल त्या दिवशी काय? आज जो दहा वर्षांचा आहे त्याला वेताळ माहीत नाही. १९९६ मध्ये हॉलिवूडनं फँटमवर सिनेमा काढला, तो पडला. सुपरमॅन, स्पायडरमॅनला दर दोन-चार वर्षांनी नवीन सिनेमा नवीन गिऱ्हाईक आणून देतो. स्पायडरमॅन ज्यात पहिल्यांदा आला, त्या १९६२ च्या अंकाची एक उत्तम प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली, कारण तो नायक आजोबाला आणि नातवाला दोघांनाही ठाऊक आहे. आपल्या वेताळाला नातू नाही. म्हणून ‘ठेवा, अजून वाढेल’ असं सांगणाऱ्यावर मी तरी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

एक गिऱ्हाईक मात्र बाहेरचं आहे, आणि त्याचा आपल्या लोकांना पत्ताच नसतो. फँटम अमेरिकेत जवळजवळ विसरला गेला, पण ऑस्ट्रेलियात १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये १९५० पासून त्याचं स्वतंत्र कॉमिक निघतं आहे. तिथले काही संग्राहक जगभरातल्या आवृत्त्या गोळा करतात. त्यांना डेंकाली हवा असतो. बदललेली नावं, इथल्या चित्रकारांनी रंगवलेली मुखपृष्ठं, आपली लिपी, हे सगळं त्यांच्यासाठी वेगळेपण. ते मुख्यतः इंग्रजी अंक घेतात, पण एखादा मराठी, एखादा बंगाली, नमुन्याला म्हणून घेतात.

आता इंटरनेटचं बघू. पूर्वी अशी पेटी निघाली तर ती सीताबर्डीच्या फुटपाथवर जायची, किंवा मुंबईत फाउंटनच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे, पुण्याला अप्पा बळवंत चौकाच्या आसपास. विक्रेत्याला त्या दिवशी समोर उभा असलेला माणूस जेवढे देईल तेवढाच भाव. दिल्लीत दर्यागंजला रविवारी फुटपाथवर भरणारा पुस्तक बाजार याच कामासाठी प्रसिद्ध होता. २०१९ मध्ये तो तिथून उठवून महिला हाटच्या आवारात नेला. अशा ठिकाणी धूळ खात, गुडघ्यावर बसून शोधणाऱ्याला स्वस्त मिळायचं. तो मेहनताना होता म्हणा. फोन आल्यावर नालवाडीचा माळा, कोलकात्याचा संग्राहक आणि न्यू जर्सीतला आपला मराठी माणूस एकाच खोलीत आले. वस्तू तेवढीच, गिऱ्हाईक वीसपट. रद्दीवालेही आता शहाणे झालेत बाप्पा, रंगीत कव्हर दिसलं की तराजूवर टाकायच्या आधी फोटो काढतात.

इथे मात्र एक मोठा घोळ होतो. भाच्यानं ताईंना एका साइटवर दाखवलं की असाच अंक इतक्या इतक्या हजाराला लावलाय. लावलाय! विकला गेलाय का? मी माझी जुनी सायकल दोन लाखाला लावू शकतो, कुणी अडवत नाही. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही साइटवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवा अशी सोय असते, ती वापरा. ज्या अंकाची पाटी दोन वर्षं तशीच लटकली आहे, त्याची किंमत ती नाही एवढं तरी नक्की.

विकल्या गेलेल्या किमतीतही एक मेख आहे. आता उदाहरण देतो, आकडे माझ्या मनातले आहेत, फक्त गणित समजायला.

समजा एका ग्रुपवर लिलाव आहे. वेताळाचा एक सुरुवातीचा अंक. तीन जणांना हवा आहे. पहिल्याचा संच त्या एका अंकासाठी अडलाय, तो ९,००० पर्यंत जाईल. दुसऱ्यालाही हवा आहे, तो ७,००० पर्यंत. तिसरा सहज बघतोय, ८०० च्या वर जाणार नाही. बोली सुरू झाली. ८०० ला तिसरा थांबला. ७,००० ला दुसरा थांबला. पहिल्यानं ७,१०० म्हटलं आणि अंक घेतला. बघा, भाव कुणी ठरवला? जिंकणाऱ्यानं नाही ठरवला. हरणाऱ्या दुसऱ्यानं ठरवला.

आता ग्रुपवर बातमी: ‘या अंकाचा रेट ७,१०० झाला.’ ते वाचून कुणीतरी आपल्या माळ्यावरून तोच अंक काढला आणि पुढच्या महिन्यात लावला. पहिला माणूस आता नाही, त्याचं काम झालं. उरले ७,००० वाला आणि ८०० वाला. तिसऱ्यानं ८०० म्हटलं, दुसऱ्यानं ९०० म्हटलं, संपलं. अंक ९०० ला गेला. तोच अंक, तीच अवस्था, एक महिन्याचं अंतर. आणि विकणारा म्हणतो मला फसवलं! कुणी फसवलं नाही राजेहो. बाजारात दोनच माणसं होती, त्यातलं एक उठून गेलं.

मराठी इंद्रजालचा बाजार असा उथळ आहे. उथळ पाण्यात एक म्हैस उतरली तरी पातळी वाढते, आणि निघाली की लगेच उतरते. म्हणून एका विक्रीवरून ‘भाव’ म्हणू नये. चार-पाच विक्री बघा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडा, मग काही अंदाज येतो.

यातूनच भाषेचंही कळतं. मराठी अंक इंग्रजीपेक्षा कमी उरलेत, हे संग्राहकांशी बोलताना सारखं ऐकू येतं आणि मला पटतं, कारण मराठी अंक जास्त वाचले गेले, गावोगाव फिरले, भाड्यानं गेले. पण घेणारे कोण? फक्त मराठी वाचणारे. इंग्रजी अंकाला केरळचा माणूसही बोली लावतो, बंगालचाही, सिडनीचाही. त्यामुळे जास्त दुर्मीळ असलेला मराठी अंक पुष्कळदा स्वस्त जातो, आणि कधी दोन हट्टी मराठी माणसं समोरासमोर आली की एकदम वर जातो.

संचाचं वेड हे वेगळंच प्रकरण आहे. सातशे अंक जमेपर्यंत माणूस शहाणा असतो, घासाघीस करतो, थांबतो. शेवटचे दहा राहिले की डोकं जातं. आधीच्या सातशेंना जेवढे लागले त्यापेक्षा त्या दहांना जास्त देतो. हे विक्रेत्यांना चांगलं माहीत असतं, म्हणून तुमच्याकडे काय नाही याची यादी ग्रुपवर जाहीर टाकू नका. ती यादी म्हणजे तुमच्या खिशाचा नकाशा. आणि त्या यादीत इंग्रजीचे १२३ आणि १२४ क्रमांक असतील तर शोधणं सोडाच. छापखान्याच्या संपामुळे ते अंक निघालेच नाहीत. कुणी ‘माझ्याकडे आहे’ म्हटलं तर चहा पाजा, पैसे देऊ नका.

फसवणुकीचं आलंच आहे तर सांगतो. जुन्या अंकाला रंगीत झेरॉक्सचं कव्हर लावणं, हा सगळ्यात चालणारा प्रकार. खऱ्या कव्हरवर पिनेच्या जागी गंजाचा डाग आतल्या पानावरही जुळतो. झेरॉक्सवर डाग छापलेला असतो, कागदाला पलीकडून काही नसतं. भिंगातून बघितलं तर जुन्या छपाईचे रंगाचे ठिपके वेगवेगळे दिसतात, झेरॉक्समध्ये त्या ठिपक्यांचाच फोटो, पुसट. मधली चार पानं गायब असणं हेही नेहमीचं. गोष्ट वाचून बघा, पटकन कळतं. मागच्या पानावरच्या जाहिराती आहेत का बघा. पोरांनी कूपन कापलेलं असेल तर त्याच्या पाठीमागची चौकटही गेलेली असते.

अमेरिकेत या अविश्वासावर एक धंदाच उभा राहिला. २००० मध्ये सीजीसी नावाची कंपनी सुरू झाली. तुमचा अंक त्यांना पाठवा, ते तपासून १० पैकी गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत सील करतात. उघडला की गुण गेले. म्हणजे वाचायची वस्तू कायमची न वाचता येण्यासारखी करायची! मला हे थोडं विचित्र वाटतं. पण किमतीवर त्याचा परिणाम प्रचंड झाला, कारण न बघता, हजारो मैलांवरून, अनोळखी माणसाला लाखो डॉलर देता येऊ लागले. ८ गुणांच्या आणि ९ गुणांच्या प्रतीत डोळ्यांना फरक दिसत नाही, किमतीत मात्र कित्येक पटींचा पडतो. आपल्याकडे हा धंदा रुजलेला नाही. इथे ‘कंडिशन चांगली’ म्हणजे काय, हे विकणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून. म्हणून इथला भाव विश्वासावर चालतो. ज्या विक्रेत्याचं नाव आहे त्याच्या अंकाला जास्त मिळतात, आणि ते योग्यच आहे.

तिथे एकदा फुगाही फुटला, तोही ऐका. १९८० च्या दशकाच्या शेवटी वर्तमानपत्रांत जुन्या कॉमिकच्या किमती यायला लागल्या, आणि लोकांनी नवीन कॉमिक्स पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन ठेवायला सुरुवात केली. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा नवा पहिला अंक ८० लाखांवर प्रती खपला. सगळ्यांनी जपला. आज तो जवळपास कवडीमोल मिळतो, कारण सगळ्यांकडे आहे. दुकानं बंद पडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. हल्ली आपल्याकडेही कुणी ‘संग्राहकांसाठी खास मर्यादित आवृत्ती’ म्हणून नवं कॉमिक महाग विकत असेल, तर आवडलं म्हणून जरूर घ्या. नातवाच्या शिक्षणासाठी म्हणून घेऊ नका.

नवीन पुनर्मुद्रण आणि स्कॅन यांच्यामुळे जुन्याचा भाव पडतो का? ऐकणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. ज्याला फक्त गोष्ट वाचायची आहे तो कमी होतो, म्हणून मधल्या, साध्या अंकांची मागणी थोडी उतरते. पण स्कॅन बघूनच कित्येकांना आपलं जुनं वेड आठवलं आणि ते मूळ कागद शोधायला निघाले. त्यामुळे पहिले अंक, गाजलेली मुखपृष्ठं, चांगल्या अवस्थेतले अंक यांना धक्का लागत नाही. अमर चित्रकथेचं बघा. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ती मालिका सतत छापली जाते, कुठल्याही दुकानात मिळते. तरी जुनी, मूळ छपाईची प्रत वेगळ्या भावानं जाते. मात्र ती ओळखायला किंमत, पत्ता, मागची यादी, सगळं बघावं लागतं, आणि तिथे नवख्या विक्रेत्याचा हमखास गोंधळ होतो.

तर ताईंना मी काय सांगितलं?

पहिलं, ‘रविवारपर्यंत’ ही मुदत घेणाऱ्याची आहे, तुमची नाही. पन्नास वर्षं माळ्यावर राहिलेली पेटी पंधरा दिवस कपाटात राहू शकते. दुसरं, एकरकमी घेणारा माणूस चोर आहे असं समजू नका. तो वीस चांगल्या अंकांसाठी एकशे चाळीस घेतोय. उरलेले त्याला वर्षभर ठेवून, एकेक करून, पोस्टाचा खर्च करून विकावे लागणार. त्याचा नफा त्या मेहनतीत आहे. तुम्ही ती मेहनत करणार असाल तर तो नफा तुमचा. करणार नसाल तर त्याला द्यावा लागेल, फक्त किती ते डोळे उघडे ठेवून ठरवा.

मग यादी करायला सांगितली. वहीत चार रकाने: क्रमांक, गोष्टीचं नाव, कव्हर आहे का, पानं पूर्ण आहेत का. भाच्याला आणि भाचीला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटच्या वर्षांतल्या अंकांवर सलग क्रमांकाऐवजी खंड आणि अंक असं लिहिलेलं असतं, त्यात गल्लत होते, म्हणून ते वेगळे काढायचे. फोटो दिवसाच्या उजेडात: पुढून, मागून, मधल्या पिनेचा. फाटलेल्याला सेलोटेप लावायची नाही. हे तीनदा सांगितलं, कारण आपल्या लोकांचा हात आधी सेलोटेपकडेच जातो. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि निघत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नाही.

यादी झाल्यावर कळलं की पेटीत सुरुवातीच्या वर्षांतले अंक मोजके, बहुतेक सत्तरच्या दशकातले. वडील तेव्हा कॉलेजात. म्हणजे सळईचे पैसे निघतील, अख्खा स्लॅब नाही. ताई थोड्या हिरमुसल्या, भाऊ खूश झाला, आणि मग भावानंच एक बांधीव गठ्ठा उघडला. पहिल्या कोऱ्या पानावर वडिलांच्या हाताची अनुक्रमणिका, कथेचं नाव, तारीख, आणि काही नावांपुढे फुल्या. कसल्या फुल्या ते कुणालाच कळेना. आत्याला फोन लावला. ती हसत सुटली. म्हणाली, ज्या गोष्टी मी त्याच्या आधी वाचल्या त्यांच्यापुढे तो फुली मारायचा, आणि मला आठ दिवस पुढचा अंक द्यायचा नाही.

बांधीव गठ्ठे विकायचे नाहीत, यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. सुटे अंक विकायचे, पण एकत्र नाही. भाचा महिन्याला दहा लावणार आहे.

बाजाराच्या हिशेबानंही हे बरोबरच झालं. बाइंडिंग करताना कडा छाटतात, कव्हरं बरेचदा काढून टाकतात, मधून शिवण घालतात, त्यामुळे संग्राहकाच्या लेखी त्या अंकांची किंमत फार खाली येते. पण त्याच बाइंडिंगमुळे ते वाचले असतात. गठ्ठा म्हणून रद्दीत द्यायला हात धजत नाही आणि उंदरालाही आत शिरायला वेळ लागतो. तुमच्याकडे असे गठ्ठे असतील तर ‘सुटे करून विकू’ म्हणून शिवण उसवायला जाऊ नका. पाठीचा कागद फाटतो आणि दोन्हीकडून नुकसान होतं. आडवे ठेवा, उभे नको. पत्र्याच्या पेटीपेक्षा लाकडी कपाट बरं, खालच्या कप्प्यात नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. पावसाळा संपला की ऑक्टोबरात एकदा सावलीत हवा द्या. उन्हात नाही, आपलं ऊन त्या कागदाला सोसत नाही.

चांदोबाबद्दल बरेच मेसेज आलेत. त्याचं गणित वेगळं आहे. मराठी चांदोबा १९५२ पासूनचा, घरोघर वर्षाचे अंक एकत्र बांधायची पद्धत होती, आणि जमवणारे बरेचदा गोष्टीपेक्षा चित्रकारांसाठी जमवतात. तो पुढच्या भागात घेऊ. तुमच्याकडे पन्नास-साठच्या दशकातला बांधीव चांदोबा असेल तर पहिल्या पानाचा फोटो पाठवा. पाठवताना घरातल्या मोठ्यांना विचारा की तो कुणी बांधून घेतला होता आणि कुठे.